पैसा कुठवर पुरतो आणि दिल्याने नेमकं काय होतं?

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. पैशाच्या मर्यादांविषयी बोलायचं तर सुरुवात या म्हणीपासूनच करावी लागते, कारण या विषयावर बोलणारे बरेच जण नेमकी तीच विसरतात. ज्याचं भाडं थकलंय, औषध आणायचं राहिलंय, मुलाची फी भरायची शेवटची तारीख उलटून गेलीय, त्याला ‘पैशात सुख नसतं’ असं ऐकवणं हा निव्वळ निर्दयपणा आहे. त्याच्या दुःखाचा मोठा भाग पैशानेच हलका होणार असतो.

चणचण खिशाला लागते तशी डोक्यालाही लागते. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उसाचा पैसा वर्षातून एकदाच, तोडणीनंतर हाती येतो. त्याआधीचे महिने उधारीवर आणि गहाणवटीवर निघतात, नंतरचे जरा सुखाचे जातात. संशोधकांनी त्याच शेतकऱ्यांची तर्कशक्ती आणि लक्ष केंद्रित करण्याची क्षमता तोडणीआधी एकदा आणि तोडणीनंतर पुन्हा एकदा तपासली. माणूस तोच, पण हात तंगीत असताना त्याची कामगिरी स्पष्टपणे खालावलेली होती. हा ऋतूचा परिणाम असेल का? तसं म्हणायला जागा नव्हती, कारण साखर कारखाने प्रत्येकाला तोडणीची तारीख वेगवेगळ्या महिन्यांत देतात. म्हणजे एकाच आठवड्यात एक शेतकरी कंगाल असतो आणि शेजारचा पैसे मिळालेला. गरिबाला ‘तू चुकीचे निर्णय घेतोस’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाने हा अभ्यास वाचायला हवा. पैसा नसण्याची काळजीच विचार करायची ताकद खात असते.

तेव्हा पैसा फार मोलाचा आहे. प्रश्न एवढाच, की हे मोल कुठवर वाढत जातं?

तेवढाच पैसा, पण प्रत्येकाला तेवढाच नाही

डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ साली एक साधी गोष्ट मांडली. रकमेची किंमत आणि त्या रकमेचा माणसाला होणारा उपयोग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. माणूस जितका श्रीमंत, तितका नव्याने येणाऱ्या त्याच रकमेचा त्याला उपयोग कमी. हे सगळ्यांना आतून ठाऊक असतं, पण बर्नुलीने त्याला गणितात बसवलं, आणि आजची आकडेवारी त्याच्या मांडणीशी बरीच जुळते.

उदाहरण घेऊ. एकाची कमाई दहा हजार आहे आणि ती वीस हजार झाली. त्याला जितका फरक जाणवेल, साधारण तितकाच फरक एक लाख कमावणाऱ्याला जाणवायचा असेल तर त्याला आणखी दहा हजार पुरत नाहीत, आणखी एक लाख लागतो. दहा लाखवाल्याला आणखी दहा लाख. म्हणजे समाधानाची एकेक पायरी चढायला दर वेळी कमाई दुप्पट करावी लागते. पायऱ्या संपत नाहीत, पण दर पायरीची किंमत दुप्पट होते. आणि त्या पायरीसाठी द्यायची दुसरी किंमत, म्हणजे जास्तीचे तास, घरापासून दूर राहणं, झोप, तब्येत, ती काही दर वेळी निम्मी होत नाही. माझ्या मते पैशाची मर्यादा म्हणतात ती मुख्यतः ही.

यावर गेल्या काही वर्षांत एक मोठा वाद झाला आणि तो मिटला कसा, हे सांगण्यासारखं आहे. २०१० साली डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी अमेरिकेतल्या साडेचार लाखांहून अधिक उत्तरांचा अभ्यास मांडला. दोघेही अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी, काहनेमन २००२ चे, डीटन २०१५ चे. निष्कर्ष असा, की ‘एकूण आयुष्याविषयी तुम्ही किती समाधानी?’ या प्रश्नाचं उत्तर उत्पन्नाबरोबर चढत राहतं, पण रोजच्या दिवसातला आनंद आणि त्रास वर्षाला सुमारे ७५,००० डॉलरनंतर जवळजवळ स्थिर होतो. हा आकडा जगभर गाजला. मग २०२१ साली मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी ३३,३९१ नोकरदार अमेरिकी माणसांच्या मोबाइलवर दिवसभरात अधूनमधून ‘आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?’ असं विचारून सतरा लाखांवर नोंदी गोळा केल्या. त्यात ७५,००० नंतरही रेघ चढतीच होती, कुठेही सपाट झाली नाही.

दोन्ही अभ्यास भक्कम, निष्कर्ष मात्र उलट. अशा वेळी लोक एकमेकांना खोडून काढण्यात वर्षं घालवतात. काहनेमन आणि किलिंग्सवर्थ यांनी मात्र मानसशास्त्रज्ञ बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ म्हणून सोबत घेतलं आणि एकत्र बसून सगळे आकडे पुन्हा तपासले. २०२३ मध्ये तिघांचा मिळून निष्कर्ष आला. २०१० च्या प्रश्नावलीत बहुतेक सुखी माणसं सगळ्यात वरच्या खान्यात जाऊन बसत होती, त्यामुळे तिला आनंदापेक्षा दुःख चांगलं मोजता येत होतं. आणि दुःखी माणसांपुरता जुना निष्कर्ष खराच होता. सर्वांत कमी आनंदी असलेल्या १५ ते २० टक्के लोकांचं दुःख उत्पन्न वाढतं तसं कमी होतं, पण सुमारे १,००,००० डॉलरनंतर ते थांबतं. बाकीच्यांचा आनंद वाढत राहतो.

मला यातली ती छोटी सपाट रेघ फार महत्त्वाची वाटते. गरिबीमुळे आलेलं दुःख पैसा दूर करतो. ते दूर झाल्यावर जे उरतं, म्हणजे जवळचं माणूस गेल्याचं, नातं तुटल्याचं, नैराश्याच्या आजाराचं दुःख, त्यापुढे पैसा हात टेकतो. पैसेवाल्या दुःखी माणसाला ‘तुला काय कमी आहे?’ असं विचारणंही त्यामुळे तितकंच निर्दय.

आणखी एक गोष्ट याच अभ्यासातून कळते आणि ती फारशी सांगितली जात नाही. उत्पन्नातल्या चौपट फरकाने रोजच्या आनंदात जो फरक पडतो, तो साधारण कामाचा दिवस आणि सुट्टीचा दिवस यांच्यातल्या फरकाएवढा आहे. डोकं दुखल्याने जो फरक पडतो, त्याच्या एक तृतीयांशापेक्षाही तो कमी आहे. चढती रेघ खरी, पण तिचा चढ इतकाच.

लॉटरीचं काय? १९७८ सालचा एक छोटा अभ्यास सतत सांगितला जातो, की लॉटरी लागलेली माणसं इतरांपेक्षा फारशी सुखी नव्हती. त्यात लॉटरी लागलेले फक्त २२ जण होते. स्वीडनमधल्या हजारो विजेत्यांचा अभ्यास २०२० साली आला, त्यात आयुष्याविषयीचं समाधान दहा-दहा वर्षांनंतरही वाढलेलं दिसलं, रोजच्या आनंदावर आणि मानसिक आरोग्यावर मात्र परिणाम किरकोळ. म्हणजे ‘पैशाने काहीच होत नाही’ हेही खोटं आणि ‘पैशाने सगळं होतं’ हेही.

पैसा शिरला की काय बदलतं

दुसरी मर्यादा जास्त अवघड आहे. काही ठिकाणी पैसा नुसता अपुरा पडत नाही, तो आधी चालू असलेलं चांगलं काम बिघडवतो.

इस्रायलमधल्या हैफा शहरातली पाळणाघरं घ्या. तिथे पालकांनी ठरलेल्या वेळी मूल घेऊन जायचं असे. काही पालक उशिरा येत आणि तेवढा वेळ एका शिक्षिकेला थांबावं लागे. यूरी ग्नीझी आणि आल्डो रस्टिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी अशा दहा पाळणाघरांत आधी चार आठवडे नुसती नोंद ठेवली. मग त्यांतल्या सहा ठिकाणी नियम लागू झाला: दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर दर मुलामागे दहा शेकेल (इस्रायलचं चलन) दंड. रक्कम लहानच, महिन्याच्या बिलात लागून यायची. अपेक्षा अशी, की दंड बसला की लोक वेळेवर येतील. झालं उलटं. उशिरा येणाऱ्यांची संख्या जवळजवळ दुप्पट झाली.

का, ते त्या पालकाच्या जागी उभं राहून पाहा. दंड नव्हता तेव्हा उशीर झाला की धावतपळत येऊन ‘माफ करा, ताई, आज जमलं नाही’ असं म्हणावं लागे. समोरची थकलेली बाई दिसे. तिने आपल्यासाठी काहीतरी सोसलंय, हे जाणवे, आणि त्या ओशाळलेपणातून दुसऱ्या दिवशी लवकर निघणं होई. दंड आला आणि उशिराला दर ठरला. आता दहा शेकेल भरले की हिशेब चुकता, माफी कसली मागायची? मूल सांभाळण्याचा जादा वेळ ही विकत मिळणारी सेवा झाली, आणि स्वस्तच होती. पुढचा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. काही आठवड्यांनी दंड काढून टाकला, तरी उशिरा येणारे कमी झाले नाहीत. दर गेला, पण ओशाळणंही परत आलं नाही.

स्वित्झर्लंडच्या वोल्फेनशीसन गावी १९९३ मध्ये असंच घडलं. किरणोत्सारी कचऱ्याचं साठवण केंद्र आपल्या गावाजवळ चालेल का, असं विचारल्यावर ५०.८ टक्के लोक हो म्हणाले. देशाला कुठेतरी ते करावं लागणारच, मग आपणच का नाही, असा विचार त्यामागे होता. मग विचारलं, की दर वर्षी भरपाई मिळाली तर चालेल का? होकार २४.६ टक्क्यांवर आला. पैसे देऊ केल्यावर प्रश्न ‘माझं कर्तव्य काय?’ असा राहिला नाही, ‘एवढ्या पैशात परवडतं का?’ असा झाला.

रक्तदानातही हे दिसतं. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या २००८ च्या प्रयोगात रक्तदाता होण्यासाठी तपासणीला ५० क्रोनर देऊ केल्यावर तयार होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण सुमारे ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांपर्यंत उतरलं. तेच ५० क्रोनर परस्पर धर्मादाय संस्थेला देण्याची मुभा ठेवली, तेव्हा ते पुन्हा पहिल्या जागी आलं. पुरुषांमध्ये असा फरक दिसला नाही. रक्तदान शिबिरांच्या नंतरच्या पाहण्यांमध्ये छोट्या भेटवस्तूंनी रक्तदाते वाढल्याचंही आढळलं आहे, त्यामुळे मोबदला आला की माणुसकी गेलीच, असं म्हणायचं कारण नाही. पण जिथे माणसं एकमेकांसाठी आपणहून काही करतात, तिथे पैशाचं पाकीट पुढे करण्याआधी चार वेळा विचार करावा, एवढं नक्की.

वीस डॉलरचं पाकीट

आता दुसऱ्या बाजूला येऊ. तोच पैसा दुसऱ्यासाठी खर्च केला तर देणाऱ्याचं काय होतं?

२००८ साली कॅनडात एलिझाबेथ डन, लारा अ‍ॅकनिन आणि मायकल नॉर्टन यांनी हे अगदी साध्या रीतीने पाहिलं. सकाळी ४६ जणांना गाठून आज तुम्ही किती आनंदी आहात, हे विचारलं आणि प्रत्येकाला एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात पाच डॉलर, कुणाच्या वीस. अट एवढीच, की संध्याकाळी पाचपर्यंत ते खर्चायचे. निम्म्यांना सांगितलं, स्वतःवर खर्च करा. निम्म्यांना सांगितलं, दुसऱ्या कुणासाठी काही घ्या नाहीतर दान करा. संध्याकाळी फोन करून पुन्हा तोच प्रश्न. दुसऱ्यासाठी खर्च केलेली माणसं जास्त आनंदी निघाली. पाच होते की वीस, याने काही फरक पडला नाही.

पुढे त्यांनी दुसऱ्या काही लोकांना हा प्रयोग समजावून विचारलं, कोण जास्त आनंदी झालं असेल? बहुतेकांचा अंदाज: ज्याला वीस मिळाले तो, आणि ज्याने स्वतःवर उडवले तो. दोन्ही अंदाज चुकले. माझ्या मते या सगळ्या विषयाची मेख इथे आहे. माणसं कंजूष असतात म्हणून देत नाहीत, असं दर वेळी नसतं. दिल्यावर काय वाटेल, याचा त्यांचा हिशेबच आधीपासून चुकलेला असतो.

पुढे १३६ देशांच्या आकडेवारीत हाच संबंध तपासला गेला, श्रीमंत देश आणि गरीब देश दोन्ही त्यात होते. १२० देशांमध्ये, उत्पन्नाचा फरक बाजूला काढल्यावरही, दान करणारी माणसं अधिक समाधानी दिसली. यावर कुणी म्हणेल, की सुखी माणसंच देत असतील. बरोबर आहे, नुसत्या सर्वेक्षणाने कशामुळे काय होतं, ते ठरत नाही. म्हणून पाकिटासारखे प्रयोग लागतात. ते मोठ्या संख्येवर पुन्हा करून पाहिले गेले, २०२० साली काही हजार लोकांवर. परिणाम टिकला. मात्र प्रत्यक्ष, त्याच क्षणी दिल्याचा परिणाम नीट दिसला आणि ‘मागे कधी दिलेलं आठवा’ म्हटल्यावर मिळणारा आनंद अगदी थोडा होता. म्हणजे देणं हा जादूचा उपाय नाही. नैराश्याच्या आजारावर डॉक्टरांऐवजी दान, असं कुणी सांगितलं तर ऐकू नये.

मेंदूतही याची खूण सापडते. २००७ मध्ये १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर देऊन, त्यांतले काही गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेकडे जाताना त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. स्वतःला काही मिळाल्यावर जे भाग जागे होतात, तेच भाग दुसऱ्याला मिळाल्यावरही जागे झाले. पैसे करासारखे सक्तीने कापले गेले तेव्हाही हे दिसलं, आणि आपण होऊन दिले तेव्हा अधिक ठळकपणे.

सगळं देणं सारखं नसतं

ज्याने कधी मुळमुळीत चेहऱ्याने वर्गणी दिली असेल, त्याला हे सगळं वाचून शंका येईल. त्या वर्गणीने तर काही आनंद झाला नव्हता! बरोबर. कारण आनंद देण्याच्या कृतीत आपोआप भरलेला नसतो. तो यायला काही गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली म्हणजे नाही म्हणायची मोकळीक. दारात चार माणसं उभी आहेत, शेजाऱ्याने दिलेला आकडा वहीत वर लिहिलेला आहे, आणि आपण त्याखाली आपला आकडा लिहितोय. याला फार तर सुटका म्हणता येईल. दुसरी गोष्ट, ज्याला देतोय त्याच्याशी काहीतरी नातं. तिसरी, आणि मला वाटतं सर्वांत जास्त दुर्लक्षित, ती म्हणजे आपल्या देण्याचं पुढे काय झालं ते दिसणं.

या तिसऱ्यावर एक चांगला अभ्यास आहे. काही लोकांना युनिसेफला देणगी द्यायची संधी दिली, काहींना ‘स्प्रेड द नेट’ या मोहिमेला. दोन्हीचा हेतू मुलांचं आरोग्य. युनिसेफचं काम अफाट, त्यामुळे माझ्या पैशाने नेमकं काय झालं, ते कळत नाही. दुसरीकडे हिशेब सरळ: दहा डॉलरला एक मच्छरदाणी, तिच्याखाली झोपणारी मुलं मलेरियापासून वाचणार. जास्त देणाऱ्याला जास्त आनंद झाला तो फक्त मच्छरदाणीच्या बाबतीत. युनिसेफचं काम कमी मोलाचं आहे, असा याचा अर्थ नव्हे. संस्थांनी यातून शिकावं ते एवढंच, की देणाऱ्याला आभाराचं छापील पत्र आणि कर-सवलतीची पावती पाठवून भागत नाही. काय घडलं, ते सांगा.

नोकरीच्या जागीही हे खरं आहे. एका अमेरिकी विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या गोळा करणारे काही कर्मचारी होते. काम कंटाळवाणं, रोज नकार ऐकायचे. त्यांच्यातल्या काहींची भेट त्याच देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी घडवली, भेट पाच मिनिटांची. महिन्याभराने पाहिलं तर ते फोनवर आठवड्याला १४२ टक्के जास्त वेळ घालवत होते आणि १७१ टक्के जास्त रक्कम गोळा करत होते. पगार तोच होता.

पण हृदयावर सगळं सोपवूनही चालत नाही. एका प्रयोगात माणसांपुढे एका भुकेल्या मुलीचं नाव आणि चित्र ठेवलं, तेव्हा त्यांनी हातातल्या पाच डॉलरपैकी सरासरी २.३८ दिले. लाखो भुकेल्यांची आकडेवारी ठेवली, तेव्हा १.१४. मुलगी आणि आकडेवारी एकत्र ठेवली, तर १.४३. आपल्याला एक चेहरा हलवतो, लाख चेहरे नाही. म्हणून जे संकट कॅमेऱ्यापुढे येत नाही, त्याच्या वाट्याला मदतही येत नाही. देणाऱ्याने थोडं मनाने ठरवावं आणि थोडं शांतपणे, आकडे पाहून ठरवावं, असं मी म्हणेन.

घेणाऱ्याच्या बाजूने

देण्यावर इतकं लिहिलं जातं, पण घेणाऱ्याच्या मनात काय चालतं, यावर फार थोडं. मदत घेतली की माणूस मिंधा होतो. समोरच्याने बोलून दाखवलं नाही तरी होतो. चारचौघांत फोटो काढून दिलेल्या मदतीने पोट भरतं आणि मान खाली जाते. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, असं जे सांगत आले, त्यात देणाऱ्याच्या पुण्यापेक्षा घेणाऱ्याच्या मानाचा विचार जास्त असावा, असं मला वाटतं.

‘गरिबाला रोख दिलं की तो दारूत उडवतो’ हा समज तर फारच खोल रुतलेला. केनियात गरीब कुटुंबांना कुठलीही अट न घालता थेट रोख रक्कम दिली गेली आणि त्याचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबांचा खाण्यावरचा खर्च वाढला, मालमत्ता वाढली, मनाचं स्वास्थ्य सुधारलं. दारू-तंबाखूवरचा खर्च वाढला नाही. वर बर्नुलीचा जो हिशेब पाहिला, त्याची दुसरी बाजू इथे दिसते. माझ्याकडे पडून असलेली, मला जवळपास काहीच फरक न पाडणारी रक्कम जिथे जाऊन एखाद्याची कमाई दुप्पट करते, तिथे ती त्याला कित्येक पटींनी जास्त उपयोगी पडते. रक्कम बदललेली नसते, फक्त तिची जागा बदललेली असते.

मात्र जे माणसाच्या हक्काचं आहे, त्याची जागा देणगी घेऊ शकत नाही. अँड्र्यू कार्नेगी या अमेरिकी पोलाद उद्योगपतीने जगभरात २,५०९ ग्रंथालयांसाठी पैसे दिले. देण्याची रीतही विचारपूर्वक होती: गावाने जागा द्यायची आणि इमारतीच्या खर्चाच्या दहा टक्के रक्कम दर वर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी स्वतःच्या करातून उभी करायची. त्यामुळे गावं नुसती घेणारी राहिली नाहीत, भागीदार झाली. पण याच कार्नेगीच्या होमस्टेडच्या पोलाद कारखान्यात १८९२ साली मजुरी कमी करण्यावरून संघर्ष पेटला, खासगी बंदूकधारी आणले गेले, माणसं मेली. बारा तास भट्टीपुढे राबणाऱ्या मजुराने ग्रंथालयात जायचं कधी? कामगारांच्या बाजूचे लोक हा प्रश्न तेव्हाही विचारत होते. पगार नीट न देता देणगी देणाऱ्याला हा प्रश्न आजही विचारला पाहिजे.

याच्या दुसऱ्या टोकाला चक फीनी. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात अब्जाधीश झालेला हा माणूस. १९८२ मध्ये त्याने प्रतिष्ठान काढलं, पुढे जवळजवळ सगळी मालमत्ता गुपचूप प्रतिष्ठानाच्या नावे केली, आणि १९९७ पर्यंत जगाला पत्ताच नव्हता, की पैसा त्याच्या नावावर राहिलेलाच नाही. सुमारे ८ अब्ज डॉलर वाटून संपल्यावर २०२० मध्ये प्रतिष्ठान बंद केलं. तो भाड्याच्या घरात राहत असे आणि स्वस्तातलं कॅसिओचं घड्याळ वापरत असे. २०२३ साली, ९२ व्या वर्षी तो गेला. जिवंतपणीच देऊन टाकायचं, असा त्याचा आग्रह होता, म्हणजे त्या पैशाचं काय होतंय, ते स्वतःला पाहता येतं.

मग किती द्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला एक आकडा नाही. ज्याच्यावर जास्त व्याजाचं कर्ज आहे, अडीअडचणीला दोन-तीन महिन्यांची शिल्लक नाही, त्याने आधी ते पाहावं. कर्ज काढून केलेलं दान कुटुंबाला चटका देतं. पदरमोड करायची ती पदरात काही असताना.

बाकीच्यांनी एक ठरावीक वाटा ठरवून तो पगार झाल्या झाल्या बाजूला जाईल, अशी सोय करावी. महिनाअखेरीस उरलं तर देऊ, असं म्हणणाऱ्याकडे उरत नाही, कारण खर्च उत्पन्नाच्या मागोमाग चढत जातो. वाटा लहान असला तरी चालेल. पाच आणि वीस डॉलरची पाकिटं आठवा. संस्था निवडताना हिशेब उघड ठेवते का आणि प्रश्न विचारल्यावर उत्तर देते का, हे पाहावं. जमलं तर वर्षातून एकदा तिथे जाऊन काम बघून यावं. ओळखीच्या माणसाला मदत करायची असेल तर काय लागतं, ते त्यालाच विचारावं. घरात वापरून नको झालेल्या वस्तू देणं हे बऱ्याचदा आपलं कपाट रिकामं करणं असतं, त्याची गरज भागवणं नव्हे.

आणि पैसाच नसेल तर वेळ. ‘वेळ तर पैशापेक्षाही कमी आहे’ असं बहुतेक जण म्हणतात, पण २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत उलटंच दिसलं. आजारी मुलाला पत्र लिहिणं, अडलेल्या विद्यार्थ्याचा निबंध तपासून देणं, अशा कामांना थोडा वेळ दिलेल्या माणसांना नंतर आपल्याकडे जास्त वेळ आहे, असं वाटलं. तेवढाच वेळ ज्यांनी स्वतःसाठी वापरला, किंवा ज्यांना तो मोकळा मिळाला, त्यांच्यापेक्षाही जास्त. संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की हातून काहीतरी पार पडलं, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, या जाणिवेने दिवस मोठा वाटतो. आठवड्यातला अर्धा तास बाजूला काढून कुणीही हे स्वतःवर पडताळून पाहू शकतं.